टेन्बीच्या १८२ रात्री

सुट्टीसाठी भाड्याने दिलेलं एक घर वर्षात १८१ रात्री भरलेलं होतं आणि शेजारचं १८२ रात्री. फरक एका रात्रीचा. वेल्समध्ये या एका रात्रीमुळे घरमालकाचं वर्षाचं कराचं बिल शून्यावरून काही हजार पौंडांवर जाऊ शकतं. एप्रिल २०२३ पासून तिथे नियम आहे की सुट्टीचं घर वर्षात १८२ रात्री भाड्याने गेलं तरच ते धंदा मानायचं. किनाऱ्यावरच्या गावात तो प्रत्यक्षात कसा चालतो, हे पाहण्यासाठी टेन्बी हे गाव निवडलं आहे. नियम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसरंच एक वेल्स होतं, असं माझं मत आहे, आणि टेन्बीकडे पाहिलं की ते लगेच दिसतं.

आधी सेल्फ-केटरिंग म्हणजे काय ते पाहू. हॉटेलातली खोली नव्हे, अख्खं घर किंवा फ्लॅट काही दिवसांसाठी भाड्याने घ्यायचा. स्वयंपाकघर, भांडी, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळं असतं. चहापासून जेवणापर्यंत सगळं आपलं आपण करायचं. मालक भेटतोच असं नाही. दाराशेजारी आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी असते, तिच्यात किल्ली. ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. भारतातून आई-बाबा आलेले असले, घरात सहा-सात माणसं असली आणि दोघांना रात्री वरण-भात लागत असला, की हॉटेलचा पर्याय आपोआप गळतो. कुकर आणि मसाल्याचा डबा गाडीत टाकून निघायचं. (एक सूचना: फोडणी करताना खिडकी उघडी ठेवा. या घरांतले धुराचे अलार्म मोहरी तडतडायच्या आत किंचाळतात, आणि भिंती जुन्या दगडी असल्या तरी शेजाऱ्यांची झोप दगडी नसते.)

गाव

टेन्बी नैऋत्य वेल्समधल्या पेम्ब्रोकशर परगण्याच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. कायमची वस्ती चार-साडेचार हजारांच्या घरातली. तेराव्या शतकातली तटबंदी अजून बरीचशी उभी आहे. तिच्यातला फाइव्ह आर्चेस हा कमानींचा दरवाजा गावाची ओळख बनला आहे. बंदराभोवती गुलाबी, पिवळ्या, निळ्या रंगांची घरं चढत्या ओळीत उभी आहेत. गावाला दोन मोठे किनारे, नॉर्थ बीच आणि साउथ बीच, आणि मध्ये किल्ल्याच्या टेकडीखाली छोटा कॅसल बीच. ओहोटीला वाळूवरून चालत सेंट कॅथरिन बेटापर्यंत जाता येतं. त्यावर १८६० च्या दशकात बांधायला घेतलेला किल्ला आहे. समोरच्या कॅल्डी बेटावर सिस्टर्शियन साधूंचा मठ आहे. तिथे जाणाऱ्या होड्या वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत चालतात, मग बंद होतात. त्या बंद होण्यातच या प्रकरणाचं बरंचसं सार आहे, पण ते पुढे.

गाव सुट्टीच्या धंद्यात आलं त्यात हिंदुस्थानच्या पैशाचा वाटा आहे. विल्यम पॅक्स्टन हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. कलकत्त्याच्या टांकसाळीत तो धातूचा कस तपासणारा अधिकारी होता. बंगालमध्ये त्याने अमाप संपत्ती कमावली, परत येऊन कारमार्थनशरमध्ये मिडलटन हॉल विकत घेतला आणि पुढे संसदेत बसला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने टेन्बीत समुद्राच्या पाण्याची स्नानगृहं बांधली. मासेमारी आणि व्यापार ओसरून मोडकळीला आलेल्या गावात त्यामुळे पैसेवाले पाहुणे येऊ लागले. ती इमारत बंदराजवळ अजून आहे. तिच्या दारावर ग्रीक अक्षरांत कोरलं आहे, समुद्र माणसाची सगळी दुखणी धुऊन टाकतो. पॅक्स्टन १८२४ मध्ये वारला. १८६३ मध्ये पेम्ब्रोकहून रेल्वे आली, तीन वर्षांनी ती व्हिटलंडमार्गे मुख्य मार्गाला जोडली गेली, आणि मग खाणी-कारखान्यांतली माणसंही येऊ लागली. पाहुण्यांसाठी घरं ठेवणं हा टेन्बीत दोन शतकांचा धंदा आहे, कालपरवाचं फॅड नव्हे. हे लक्षात ठेवायला हवं, कारण चर्चेत बऱ्याचदा सुट्टीचं घर म्हणजे स्थानिकांच्या तोंडून हिसकावलेलं घर, असं सरसकट समीकरण मांडलं जातं.

नियम

वेल्समध्ये राहत्या घरावर काऊन्सिल टॅक्स लागतो आणि धंद्याच्या जागेवर बिझनेस रेट्स. सुट्टीचं घर या दोन्हींच्या सीमेवर बसतं. ते धंद्याच्या यादीत जावं यासाठी आधी अट सोपी होती: वर्षात १४० दिवस भाड्यासाठी उपलब्ध आणि त्यांतले ७० दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेले. धंद्याच्या यादीत गेल्यावर, घराचं करमूल्य, म्हणजे कर मोजायला धरलेलं मूल्य, ६,००० पौंडांपर्यंत असेल तर छोट्या उद्योगांसाठीच्या सवलतीमुळे कर पूर्ण माफ. लहान घरं या मर्यादेत सहज बसतात. म्हणजे उन्हाळ्याचे दीड-दोन महिने आणि ईस्टरचा आठवडा घर भाड्याने द्यायचं, बाकी वर्ष स्वतःसाठी मोकळं ठेवायचं आणि स्थानिक कर एक पैसाही भरायचा नाही. ‘दुसऱ्या घराच्या’, म्हणजे राहतं घर वेगळं असून सुट्टीपुरतं ठेवलेल्या घराच्या, मालकांना ही वाट पुरती ठाऊक होती. गावातला कचरा उचलला जातो, रस्त्यावर दिवे लागतात, त्याचा खर्च मात्र बाराही महिने तिथे राहणाऱ्यांच्या बिलातून. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

डिसेंबर २०२१ मध्ये लेबर पक्षाचं वेल्श सरकार आणि प्लाइड कम्री हा वेल्श राष्ट्रवादी पक्ष यांच्यात सहकार्याचा करार झाला. दुसऱ्या घरांना आवर घालणं हा त्यातला ठळक मुद्दा होता. त्यातून एप्रिल २०२३ पासून दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली, धंद्याच्या यादीसाठी उंबरठा २५२ दिवस उपलब्धता आणि १८२ दिवस प्रत्यक्ष भाडं असा झाला. दुसरी, दुसऱ्या घरांच्या काऊन्सिल टॅक्सवर अधिभार किती लावता येईल याची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ३०० टक्क्यांवर गेली. दर ठरवायचा स्थानिक काऊन्सिलने. इंग्लंडमध्ये त्याच महिन्यापासून प्रत्यक्ष भाड्याचा उंबरठा आला तो फक्त ७० दिवसांचा. डेव्हनमधलं घर आणि पेम्ब्रोकशरमधलं घर एकाच पाहुण्यासाठी झगडतात, पण त्यांचे नियम असे वेगळे.

पेम्ब्रोकशर काऊन्सिलने अधिभार २०२२ पासून १०० टक्के केला, एप्रिल २०२४ पासून २०० टक्के, आणि एका वर्षात मागे येऊन एप्रिल २०२५ पासून १५० टक्के. या चढउताराचा अर्थ सरळ आहे. काऊन्सिलला पैसा हवा होता, आणि तो काही अंशी परवडणारी घरं आणि गावोगावच्या छोट्या कामांसाठी वापरलाही गेला. पण घाव आपल्याच पर्यटनावर किती खोल बसतोय याची धास्तीही वाटू लागली.

एक घर, कागदावर

आता एक घर घेऊ. ते कुणा एकाचं नाही. गणित मांडण्यासाठी कल्पिलेलं आहे. तटबंदीच्या आत, अरुंद गल्लीत, तीन मजली चिंचोळी इमारत, दोन बेडरूम, चार माणसांची सोय. आवार नाही, गाडीला जागा नाही. उन्हाळ्यात दिवसा तटाच्या आतले रस्ते वाहनांना बंद असतात, म्हणून पाहुण्याने त्या वेळेच्या आत-बाहेर सामान उतरवायचं आणि गाडी बाहेरच्या वाहनतळावर नेऊन लावायची. कराच्या दृष्टीने समजा साधा काऊन्सिल टॅक्स वर्षाला २,००० पौंड, करमूल्य ६,००० च्या आत. १८२ रात्री भरल्या तर कर शून्य. न भरल्या तर १५० टक्के अधिभार धरून ५,००० पौंड, आणि अधिभार २०० टक्के होता त्या वर्षी ६,०००.

या घराच्या १८२ रात्री कुठून येतील? इथे भाव किंवा सजावट यांपेक्षा शाळांचं वेळापत्रक महत्त्वाचं. ईस्टरची सुट्टी दोन आठवडे, १४ रात्री. मेअखेरचा हाफ टर्म, म्हणजे शाळेच्या सत्रामधली आठवड्याची सुट्टी, ७. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरू होणारी सहा आठवड्यांची मोठी सुट्टी, ४२. ऑक्टोबरचा हाफ टर्म ७. नाताळ आणि नवं वर्ष मिळून १०. एकही रात्र वाया गेली नाही असं धरलं तरी झाल्या ८०. जुना उंबरठा इथेच ओलांडला जात होता. नव्यासाठी अजून १०२ हव्यात.

जून आणि जुलैचे पहिले तीन आठवडे मिळून सात आठवडे. त्यांतले पाच भरले तर ३५. या दिवसांत येतात ती निवृत्त जोडपी, आणि शाळेत न जाणारी लहान मुलं असलेली कुटुंबं. आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिजावर आलेले असतील तर आपली मंडळीही याच गटात मोडतात: जूनमध्ये दिवस सर्वांत मोठा, भाडं ऑगस्टपेक्षा बरंच कमी. सप्टेंबरमध्ये आयर्नमॅन वेल्स ही पोहणं, सायकल आणि धावणं यांची शर्यत टेन्बीत असते. २०११ पासून ती इथे होते आणि त्या आठवड्यात गावात जागा मिळणं कठीण. बाकी महिना शांत पण उबदार. धरू २४. एप्रिलअखेर आणि मे मिळून २०. ऑक्टोबरच्या पहिल्या भागात १०. आतापर्यंतची बेरीज १६९.

उरल्या तेरा. फेब्रुवारीच्या हाफ टर्ममधून पाच, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळातले चार शनिवार-रविवार, म्हणजे आठ. झाल्या बरोबर १८२.

कागदावर जमलं. पण आपण काय काय गृहीत धरलं ते पाहा. सगळ्या सुट्ट्या शंभर टक्के भरल्या. कुणी शेवटच्या क्षणी रद्द केलं नाही. बॉयलर बिघडला नाही. सलग दोन आठवडे पाऊस पडल्यावर सप्टेंबरचं बुकिंग आटलं नाही. आणि हे घर फर्निचर, फोटो आणि जुने शेरे सगळ्यात उत्तम आहे. चांगल्या घराला सगळं जुळून आलेल्या वर्षी जे जमतं, ती इथे किमान पात्रता ठरली आहे.

ईस्टरचं एक वेगळंच त्रांगडं आहे, ज्याकडे फार कुणाचं लक्ष गेलेलं मला दिसलं नाही. ईस्टरची तारीख सरकते. वर्ष एप्रिल ते मार्च असं मोजलं, तर २०२३-२४ मध्ये ईस्टरचे दोन रविवार आले: ९ एप्रिल २०२३ आणि ३१ मार्च २०२४. पुढच्या वर्षात एकही नाही, कारण त्यानंतरचा ईस्टर थेट २० एप्रिल २०२५ ला. मालकाने काहीही वेगळं केलं नाही तरी एका वर्षी त्याला वसंतातला गर्दीचा सण दोनदा मिळाला आणि दुसऱ्या वर्षी जवळपास मिळालाच नाही. ज्याचं बारा महिन्यांचं मोजमाप दुसऱ्या तारखेपासून सुरू होतं तो या फेऱ्यातून सुटतो, किंवा आणखी वाईट सापडतो.

हिवाळ्यातल्या तेरा रात्री

सगळं प्रकरण शेवटी या तेरा रात्रींवर येऊन ठेपतं, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबू.

डिसेंबरात टेन्बीत सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. कॅल्डीच्या होड्या बंद. आइस्क्रीमच्या खिडक्या बंद, काही उपाहारगृहंही. वारा समुद्रावरून सरळ गल्लीत शिरतो. मला स्वतःला असं रिकामं गाव आवडतं, पण माझ्यासारखी माणसं तेरा रात्री भरायला पुरत नाहीत. अंतराचाही प्रश्न आहे. एम-फोर महामार्ग स्वॉन्झीच्या पुढे पाँट अब्रामला संपतो. तिथून पुढे साधे रस्ते. कार्डिफहून गाडीने दोनेक तास, लंडनहून त्याच्या दुपटीहून जास्त. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर दोन रात्रींसाठी इथे येणारा माणूस दक्षिण वेल्समधला किंवा फार तर ब्रिस्टलकडचा. उन्हाळ्यात मिडलंड्सपासून लोक येतात. हिवाळ्यात गिऱ्हाइकांचा परीघ आक्रसतो.

शिवाय दोन रात्रींचं बुकिंग महाग पडतं. पाहुणे बदलण्याचा दिवस, ज्याला तिथे सगळे चेंजओव्हर म्हणतात, त्या दिवशी चादरी, टॉवेल, ओव्हन, बाथरूम सगळं करावं लागतं. सात रात्रींनंतर जेवढं काम, जवळपास तेवढंच दोन रात्रींनंतर. १८२ रात्री आठवड्या-आठवड्याने भरल्या तर २६ चेंजओव्हर. दोन-दोनने भरल्या तर ९१. त्यात थंडीत जाड दगडी भिंतींचं घर पाहुणे यायच्या आदल्या दिवसापासून तापवावं लागतं. फेब्रुवारीतल्या दोन रात्रींचं भाडं कित्येकदा साफसफाई आणि गॅसमध्येच जातं.

तरी मालक त्या रात्री विकतो, कारण त्यांची किंमत भाड्यात मोजायची नसते. तेरा रात्री कमी पडल्या तर ५,००० पौंड जातात, म्हणजे प्रत्येक रात्र त्याला सुमारे ३८५ पौंडांची आहे. मग ती ४० पौंडांना दिली तरी चालतं. फुकट मात्र देता येत नाही. भाडं धंद्याच्या रीतीने, नफ्याच्या हेतूने दिलेलं असावं लागतं, मावसभावाला आठवडाभर राहायला दिलं तर ते मोजलं जात नाही.

याचा फटका बसतो तो समुद्राकाठच्या एस्प्लनेड रस्त्यावरच्या गेस्ट हाऊसवाल्याला. त्याला १८२ रात्रींची अट नाही, कारण तो स्वतः तिथे राहून खोल्या देतो किंवा त्याचा धंदा निर्विवाद धंदाच आहे. त्याचं हिवाळी गिऱ्हाईक आधीच मोजकं. त्याच्या समोरच्या गल्लीत अख्खं घर एका खोलीच्या भावात मिळू लागलं, तर त्याने काय करावं? कररचना एका प्रकारच्या मालकाला तोट्यात विकायला भाग पाडते आणि दुसरा त्यात भरडला जातो. नियमाच्या समर्थकांनी हा परिणाम हिशेबात धरलेला दिसत नाही.

उत्पन्नकराकडे पाहिलं तर आणखी एक घड्याळ होतं. सुसज्ज सुट्टीच्या घरांना ब्रिटनच्या आयकरात वेगळ्या सवलती होत्या. त्यासाठी २१० दिवस उपलब्धता आणि १०५ दिवस भाडं लागायचं. एप्रिल २०२५ मध्ये ती योजनाच रद्द झाली. काही वर्षं एकाच घराला दोन सरकारांचे दोन उंबरठे सांभाळावे लागले; आता एक उरला, पण कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावटही गेली.

कुणासाठी बनवलेला नियम

नियमाचं मूळ उत्तरेत आहे. ग्विनेडमधल्या लीन द्वीपकल्पावर अबेरसोख नावाचं गाव आहे. तिथली जवळपास निम्मी घरं सुट्टीची किंवा दुसरी. गावातली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाली. पटावर दहाच्या आसपास मुलं उरली होती. शेजारच्या नेव्हिनचे काही नगरसेवक २०२० मध्ये निषेध म्हणून कानार्व्हनपर्यंत चालत गेले. २०२१ च्या जनगणनेत ग्विनेडमध्ये ६४.४ टक्के लोकांनी वेल्श येतं असं नोंदवलं. तिथे घर स्थानिकाच्या हातून गेलं की त्याबरोबर भाषा बोलणारं एक कुटुंबही जातं. राग जुना आहे: १९७९ पासून नव्वदच्या दशकापर्यंत त्या भागात सुट्टीची घरं जाळण्याची मोहीम चालली होती आणि दोनशेहून जास्त मालमत्तांवर हल्ले झाले. सरकारने काहीतरी कठोर करणं तिथे समजू शकतं.

टेन्बीची गोष्ट निराळी. दक्षिण पेम्ब्रोकशरमध्ये बाराव्या शतकात नॉर्मन राजवटीने फ्लेमिश आणि इंग्रज वसवले. तेव्हापासून हा पट्टा मुख्यतः इंग्रजी बोलणारा; त्याला वेल्सपलीकडचं छोटं इंग्लंड असंही म्हणतात. अख्ख्या पेम्ब्रोकशरमध्येसुद्धा २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.२ टक्के. टेन्बीत सुट्टीच्या घरांमुळे भाषा मरते आहे असं कुणी म्हणत नाही. तिथला प्रश्न साधा आहे: हॉटेलात, कॅफेत, काळजीगृहात काम करणाऱ्याला गावात घर परवडत नाही. तो किलगेटीहून, पेम्ब्रोक डॉकहून किंवा नार्बर्थहून रोज ये-जा करतो.

मग १८२ च्या नियमाने त्या कामगाराला घर मिळतं का? आपलं कागदावरचं घर घेऊ. मालकाला उंबरठा जमला नाही, त्याने विकायला काढलं. चिंचोळा जिना, गाडीला जागा नाही, उन्हाळ्यात दाराशी गर्दी, समुद्राचं दर्शन. हे घर कॅफेत काम करणारं दोन मुलांचं कुटुंब घेईल, असं मला तरी वाटत नाही. किंमत अजूनही समुद्राची आहे. घेईल तो बहुधा असा कुणी ज्याला अधिभार परवडतो. डिसेंबर २०२४ पासून वेल्समध्ये दुसरं घर घेणाऱ्याला खरेदीकरच पहिल्या पौंडापासून ५ टक्क्यांनी लागतो. तोही ज्याला परवडतो असा. तो ५,००० पौंड मुकाट भरेल, वर्षातले पाच आठवडे येईल, आणि खिडक्या पूर्वीपेक्षा जास्त रात्री अंधारात राहतील. १६९ रात्री पाहुणे येत होते तेव्हा निदान सफाईवाल्या बाईला, बेकरीला, मासळीवाल्याला काम होतं.

सगळी घरं अशी नाहीत, हेही मान्य करायला हवं. तटाबाहेर, स्टेशनच्या वरच्या अंगाला साधी जोडघरं आहेत, मागे आवार, समोर गाडी. ती सुट्टीच्या बाजारातून बाहेर पडली तर खरोखर स्थानिक कुटुंबाच्या कामाची आहेत, आणि तिथे नियमाचा दाब योग्य जागी पडतो. म्हणूनच माझा आक्षेप दाब असण्याला नाही. एकाच आकड्याने दोन्ही घरं मोजण्याला आहे. परवडणाऱ्या घरांची खरी भर नव्या बांधकामातूनच पडेल. ब्रिनहिर इथे काऊन्सिलची शंभराहून अधिक घरांची योजना आहे, आणि या गावासाठी करातल्या कसरतींपेक्षा ती मला महत्त्वाची वाटते.

आणखी एक विसंगती. ज्या घराच्या बांधकाम-परवानगीतच लिहिलेलं आहे की हे फक्त सुट्टीसाठी वापरायचं, कायम राहायला नाही, त्याला अधिभार लागत नाही. उंबरठा चुकला तरी साधा काऊन्सिल टॅक्स भरून सुटका. अशी अट बहुधा शेतावरच्या गोठ्याचं रूपांतर केलेल्या घरांवर असते. गावातल्या जुन्या घरावर नसते, कारण ते बांधलं तेव्हा असली परवानगीच अस्तित्वात नव्हती. गोठ्याचा मालक १७५ रात्रींवर थांबला तर २,००० भरतो, गल्लीतला ५,०००. दोघांचे पाहुणे एकाच किनाऱ्यावर वाळूचे किल्ले करत असतात.

निकाल लागायला वेळही लागतो. यादीत कुठे बसायचं हे मालमत्तांचं करमूल्य ठरवणारी सरकारी यंत्रणा मागच्या बारा महिन्यांची नोंद तपासून ठरवते. घर धंद्याच्या यादीतून काढलं गेलं की बिल मागच्या तारखेपासून येऊ शकतं. त्यामुळे नोंदवही हा या धंद्यातला सर्वांत मौल्यवान कागद झाला आहे: प्रत्येक बुकिंगची तारीख, रक्कम, पावती. घर वडिलांकडून आलेलं आणि बुकिंग फोनवर घेण्याची सवय असलेले जुने मालक इथे अडखळतात. संगणकावर सगळं ठेवणारा लंडनचा गुंतवणूकदार नाही अडखळत.

दुरुस्ती

सेल्फ-केटरिंगवाल्यांच्या संघटनांनी सुरुवातीपासून मागणी केली होती की आकडा १८२ ऐवजी १०५ करा. ती मान्य झाली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थखातं सांभाळणाऱ्या मार्क ड्रेकफर्ड यांनी मात्र काही सैलपणा सुचवला. प्लाइड कम्रीबरोबरचा २०२१ चा करार झाला तेव्हा तेच वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारप्रमुख, होते, हे लक्षात घेतलं तर त्यातली कबुली दिसते. आकडा तोच; पण आधी तो गाठलेल्या मालकाला एखाद्या वर्षी थोडं कमी पडलं तर दोन-तीन वर्षांची सरासरी चालावी. धर्मादाय संस्थेला फुकट दिलेल्या १४ रात्रीपर्यंत हिशेबात धराव्यात. आणि उंबरठा चुकलेल्यांना अधिभार लागण्याआधी सावरायला बारा महिने द्यावेत, असंही काऊन्सिलांना सांगण्याचा विचार मांडला गेला.

त्याच वर्षी पर्यटक-कराचा कायदाही संमत झाला. काऊन्सिलने ठरवलं तर २०२७ पासून घर-हॉटेलसाठी माणशी रात्रीला १.३० पौंड. चौघांच्या कुटुंबाला आठवड्याला ३६.४० पौंड. मुलांना सूट आहे ती फक्त तंबू-कारव्हानच्या जागा आणि वसतिगृहं यांच्या ७५ पेन्सच्या दरात. घर भाड्याने घेणाऱ्याला मुलांचेही पैसे मोजावे लागतील. ऑगस्टात यामुळे कुणी येणं टाळेल असं मला वाटत नाही. मात्र ४० पौंडांना दिलेल्या फेब्रुवारीतल्या रात्रीवर चौघांचे ५.२० पौंड म्हणजे तेरा टक्के, आणि ते गिऱ्हाईक भाव पाहूनच आलेलं असतं.

सरासरीची ही सुचवलेली सोय आपल्या कागदावरच्या घराला उपयोगी पडते. समजा तीन वर्षांचे आकडे १८८, १७१ आणि १८७. मधल्या वर्षी ईस्टर हुकला आणि जून पावसात गेला. जुन्या नियमाप्रमाणे त्या वर्षी ५,००० चं बिल. सरासरी काढली तर बेरीज ५४६, भागिले तीन, नेमके १८२, आणि घर धंद्याच्या यादीत टिकतं. फेब्रुवारीत घर कवडीमोलाने देण्याची घाई थोडी कमी होते, गेस्ट हाऊसवाल्यालाही श्वास मिळतो. ज्याने नुकतंच घर घेऊन धंदा सुरू केला आणि पहिल्या वर्षी १७५ वर थांबला, त्याच्यापाशी मात्र सरासरी काढायला मागची वर्षंच नाहीत. त्याच्यासाठी रेघ आहे तिथेच आहे.